उजवी कळी

सुनेच्या पोटातल्या गाठीबद्दल आमच्या थळ गावात अजून बोलतात, की देवीने आधी नको म्हटलं आणि मग मन बदललं. देवीने काही बदललं नव्हतं. खोटं मी बोललो होतो. हे आता लिहून ठेवायलाच हवं.

तिला ओटीपोटात जडपणा वाटे, कंबरेत कळ येई. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसली. साधी की कॅन्सरची, ते ऑपरेशननंतर कळेल, कदाचित गर्भाशयही काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. मला सुनेआधी नातू दिसला. कौल घेऊन ठरवू म्हणून मी एकटाच तळा गावच्या कुलदेवीला गेलो. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर ऑपरेशन करायचं, डावी पडली तर नाही. उजवी पडली, तीही लगेच. घरी येऊन मी डावी सांगितली.

पुढचे चार महिने मला एका जागी बसवेना. सून कंबर धरून मासळी वाळत घाली. ते बघवेना म्हणून मी किनाऱ्यावर जाई आणि तिथूनही परत येई. देवघरापुढे हात जोडले जात नव्हते.

एका सकाळी सुकट घ्यायला एक अनोळखी बाई अंगणात आली. तळा गावची होती, पावसाळ्याची बेगमी करायला आलेली. सून सुकट मोजून देत होती. बाई माझ्याकडे बघत राहिली. "तुमी देवळात माज्या म्होरं बसलेलं ना? आईनं उजवी दिलेली. सूनबाय बरी झाली का?"

सुनेचा हात थांबला. ती आत गेली आणि दवाखान्याची फाईल घेऊन आली. "बाबा, आता तरी चला," एवढंच म्हणाली.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करून घेतला. गाठ फायब्रॉइडची निघाली, पण क्वचित आढळणारी. ती गर्भाशयात नव्हती, त्याच्या बाजूच्या पडद्यात वाढली होती. तिच्या दाबाने लघवीची नळी चेपून एक मूत्रपिंड सुजलं होतं. आणखी थांबला असतात तर ते गेलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाठ काढली, तपासणीत साधीच ठरली. गर्भाशयाला धक्काही लागला नाही.

सुकट घ्यायला आलेली ती बाई पुन्हा आली नाही. तिला आमच्याच दारी कोणी धाडलं, हे मी कोणाला विचारत नाही.

सुनेने माझं खोटं नवऱ्यालाही सांगितलेलं नाही; देवीने मन बदललं, असंच तोही समजतो. काल तिला हे वाचून दाखवलं, तर म्हणाली, "यांना पन तुमीच वाचून दावा." मुलगा आज होडीवरून परतेल. या वेळी मी कौल लावायला गेलो नाही. देवघरापुढे हात जोडले, आभार मानले, आणि ओट्यावर त्याची वाट बघत बसलो आहे.