वारा न लागणारं घर

आमच्या शहापुरातल्या विणकराला वारा आवडत नाही. बाकीचे लोक भाड्याचं घर बघायला गेले की खिडक्या मोजतात, आम्ही त्या कशा बुजवता येतील ते बघतो. चैत्रात कोरडं वारं सुटलं की मागावरच्या सुताच्या तारा तटातट तुटतात आणि त्या सांधण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून मागाची खोली बंद, जमिनीवर पाण्याचा शिपका, दाराला ओलं गोणपाट. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, घर बघायला गेले की खिशातून सुताची एक तार काढून दारात धरायचे. तार हलली की घरमालकाशी पुढचं बोलणंच नाही, सरळ माघारी. गल्लीत त्यांच्या या पारखीचं फार कौतुक होतं. मलाही होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं त्यांच्या माथी मारून मी नामानिराळा राहीन, आणि तसं राहायला मला तोंड नाही.

आई तीस वर्षं त्याच खोलीत कांड्या भरत होती. कांड्या म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या बारक्या नळ्या. चरख्यासारखा राट फिरवायचा, सूत गुंडाळायचं, उडणारा कापूस नाकातोंडात घ्यायचा. पन्नाशीच्या आत तिची छाती भरून यायला लागली. विहिरीवरून परत येताना चार ठिकाणी बसायची, आणि कुणी बघितलं तर पायातला काटा काढल्याचं सोंग करायची. शेवटी लष्कराच्या कँपातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि स्वच्छ सांगितलं, "यांना त्या खोलीतून बाहेर काढा. समुद्राकाठी महिनाभर ठेवा. मोकळं वारं छातीत जाऊ दे. पुढं पावसाळा आला की हे जमणार नाही, आणि नुसत्या औषधानं भागणार नाही."

आप्पांनी हात जोडून ऐकलं, आणि त्यांच्या बाजूनं बोलायचं तर एक दिवसही वेळ लावला नाही. लगीनसराईचे दिवस होते, साड्यांची मागणी दारात उभी होती, तरी त्यांनी माग बंद ठेवायचं ठरवलं. गल्ली हसली. "आप्पा, सायबावाणी हवा खायला निघालासा व्हय?" असं येताजाता विचारायला लागली. आप्पा म्हणायचे, "माझ्या बायकूसाठी निघालोय, तुझ्या काय पोटात दुखतंय?" असा माणूस. बायकोवर जीव नव्हता असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन.

घर बघायला आप्पा आणि मी निघालो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, सातवी पास. गल्लीतली निम्मी पत्रं मी वाचून दाखवायचो, त्यामुळे शहाणा म्हणून माझी गणती होती. निघताना आईनं एकच सांगितलं.

"घरात बसल्या बसल्या दर्या दिसंल असं बघा. मला काय लांब चालाय व्हणार न्हाय."

घाटाखालून येणाऱ्या नारळाच्या गाड्या तिनं जन्मभर बघितल्या होत्या, समुद्र कधी बघितला नव्हता. आम्हीही नव्हता.

मोटार आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला पोचली. तिथं मुंबईत चाकरीला असलेल्यांची घरं रिकामी असत आणि महिन्याच्या बोलीनं मिळत. पहिलंच घर एका विधवा बाईचं. बंदराच्या अलीकडं, जरा उंचावर, पुढं पडवी आणि पडवीसमोर नुसता समुद्र. मधे एक झाड नाही. मी पडवीत उभा राहिलो आणि माझी टोपी उडाली. आप्पांचं धोतर फडफडायला लागलं. ते हसले, मीही हसलो. मग सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. तार निघाली, दारात धरली. ती हलली कसली, हातातून सुटून घरभर गेली.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. ते काही बोलले नव्हते. बोललो मी.

"हे बरं न्हाय आप्पा. लई वारं हाय. आईला सोसायचं न्हाय."

डॉक्टरांचे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. आप्पांना ते पुन्हा समजावून सांगण्याचं काम माझं होतं, तेवढ्यासाठीच मला बरोबर घेतलं होतं. पण त्या दारात मी सातवी पास नव्हतो, विणकर होतो. सुटलेली तार बघितली आणि डोकं बंद झालं.

बाई चकित झाल्या. "बायेची छाती भरता म्हणतास, मगे ह्या घर कित्याक नको? लोक वारो खावकच हंय येतत."

आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. या लोकांना घरातलं काय कळतंय, असं ते हसणं होतं. "दर्याची हवा गावभर हायच की," आप्पा मला खाली उतरताना म्हणाले. "घरात कशाला पायजे?" मला ते अगदी पटलं.

दुसरं घर गावात, दोन आळ्या आत. चिऱ्याच्या जाड भिंती, तिन्ही बाजूंनी माडांची दाटी, लांबट खोली, एकच झरोका. आत पाऊल टाकल्याबरोबर थंड, ओलं आणि निवांत. आप्पांनी तार धरली. ती सरळ खाली लोंबत राहिली. किती वेळ धरून उभे होते! "बघ," ते म्हणाले, "बघ की रं. आसलं घर आपल्या शहापुरात मिळालं असतं तर!" आणि मी, मूर्खानं, माग कुठं बसेल ते पावलांनी मोजून दाखवलं. दर्या दिसावा हे आईचं सांगणं दोघांनाही आठवलं नाही. मला आठवलं ते परतीच्या मोटारीत, आणि मी गप्प बसलो.

आईला घेऊन आलो. ती घरात शिरली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घर चांगलं बघितलासा. जराबी वारं न्हाय." तीही विणकराघरची. मग थोड्या वेळानं विचारलं, "दर्या कुठल्या अंगाला आला?" आप्पांनी माडांकडं हात केला. तिनं मान हलवली आणि चुलीकडं गेली. महिनाभर तिनं तो दर्या ऐकला. दिवसातला बराच वेळ झरोक्याखाली बसून असायची. खोकला कमी झाला नाही. आप्पा रोज म्हणायचे, गुण यायला वेळ लागतोय.

आठवडा राहिला असताना आप्पा बाजारात गेले होते, तेव्हा मी एक बैलगाडी केली आणि आईला बंदराकडं नेलं. वाळूत शेवटची पन्नास पावलं उचलून नेली. वजन उरलं नव्हतं. तिला खाली बसवलं, वारं तिच्या तोंडावर आलं, पदर मागं उडाला. ती लाटांकडं बघत बसली. मग माझ्या ध्यानात आलं की ती खोकत नाही. खांदे खाली आले होते, तोंड मिटलेलं होतं आणि श्वास नाकानं चालला होता. वर्षभरात मी तिला असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"हे असं असतंय व्हय," ती म्हणाली. "मग हितंच कुठंतरी घर न्हाय मिळालं?"

मी म्हणालो, "रिकामं नव्हतं आई."

खोटं बोललो, आणि ते खोटं घटकाभरही टिकलं नाही. वरच्या घराच्या त्या मालकीणबाई आम्हाला बघून खाली आल्या. आईशेजारी बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि सरळ मनानं म्हणाल्या, "ह्या घर अजून रिकामाच आसा गे बाय. तुझ्या घोवाक दाखयलंय, पण त्येंका वारो जास्ती वाटलो."

आईनं वर उंचावरची पडवी बघितली. मग मला बघितलं. मी वाळूकडं बघत होतो.

"व्हय," ती बाईंना म्हणाली. "लईच वारं हाय की हितं. आमच्या माणसांस्नी सोसायचं न्हाय."

बाई गेल्यावर मी म्हणालो, "आई, राहिलेला आठवडा हितं येऊन राहू या. मी आप्पांशी बोलतो."

"काय बोलणार? चुकलासा म्हणणार व्हय?" तिचा आवाज चढला. "माग बंद ठेवून आल्यात ते. गल्लीची बोलणी खाल्ल्यात. यातलं एक अक्षर त्यांस्नी सांगू नगस. चल, गाडी बघ."

मी गाडी बघितली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आप्पांशी बोलायचं झालं असतं तर आधी 'लई वारं हाय' कोण म्हणालं ते निघालं असतं. ती शपथ घालून गेली म्हणून मी बोललो नाही, असं मी पुढं बायकोला सांगितलं. आईनं शपथ वगैरे काही घातली नव्हती. घरापर्यंत पोचेस्तोवर ती पुन्हा खोकायला लागली होती. नंतरच्या आठवड्यात मी तिला दोनदा विचारलं, बंदरावर जाऊ या का. दोन्ही वेळा म्हणाली, "आता कशाला."

त्याच पावसाळ्यात ती गेली, शहापुरात, मागाच्या खोलीत. सुतकात लोक भेटायला येत. आप्पा भिंतीला टेकून बसलेले असत आणि प्रत्येकाला तेच सांगत, "महिनाभर दर्याकाठी ठेवली. करायचं ते सगळं केलं. पर दर्याच्या वाऱ्याचा कायबी गुण आला न्हाय."

लोक हळहळायचे आणि माझ्याकडं बघायचे, शिकलेला मुलगा म्हणून.

मी म्हणायचो, "व्हय. न्हाय आला."