सनीयाकडची गोड कॉफी

इन्साफ शौकतला कैरोतल्या सगळ्या नट्या टरकून असायच्या, आणि लग्नाचं पहिलं आमंत्रणही तिलाच धाडायच्या. सिनेमाच्या साप्ताहिकातलं तिचं ‘कानगोष्टी’ हे सदर बायका केस करून घेता घेता एकमेकींना वाचून दाखवत. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या गळ्यातला हार खोटा, हे तिला नवऱ्यांच्या आधी कळे. पण बाई मनाने वाईट नव्हती. आपल्या लिहिण्याने कोणाचं घर मोडलं नाही याचा तिला अभिमान होता, आणि तो खरा होता.

मग सदुसष्ट सालची इस्रायलशी जूनची लढाई झाली आणि आम्ही हरलो. विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांवर निळा रंग चढला होताच. आता शहरातल्या प्रत्येकाला एकाएकी राजकारणही कळायला लागलं. भाजीवाल्याला, शिंप्याला, आणि साप्ताहिकाचे संपादक उस्ताज फिक्री यांना तर जरा जास्तच.

“इन्साफ हानम, प्रेमप्रकरणं पुरे झाली आता,” ते म्हणाले. “जवानांसाठी सगळ्या नट्यांनी दागिने उतरवून दिले. तुमची मैत्रीण सनीया फिरकली नाही. वर लाल झगा घालून नाईलच्या काठाने मिरवते! जरा खणखणीत मत द्या की.”

“मत देणारे तुमच्याकडे ढिगाने आहेत. मी आधी बघून येते.”

खरं तर इन्साफलाही राग आला होता. इतक्या वर्षांची मैत्री, आणि लढाई झाल्यापासून सनीयाचा साधा फोन नाही!

सनीयाने स्वतः दार उघडलं. तोच लाल झगा, ओठांना भडक रंग. “ये गं बये! कोणाची अब्रू काढायला निघालीस आज?” म्हणून ती हसली, नको इतकी मोठ्याने. म्हातारी स्वयंपाकीण उम्म बदावी कॉफी ठेवून गेली. इन्साफने घोट घेतला आणि कप तसाच हातात राहिला.

कॉफीत साखर नव्हती. या घरात तिला कायम पाकासारखी गोड कॉफी मिळायची, त्यावरून थट्टाही व्हायची. न विचारता बिनसाखरेची कॉफी पुढे येते ती फक्त माणूस गेलेल्या घरात. सनीयाचा एकुलता एक मुलगा मुराद सिनाईच्या आघाडीवर होता. तो जन्मला तेव्हा सातव्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याला चाळणीत ठेवून हलवलं, तेव्हा चाळणीची एक कड इन्साफनेच धरली होती.

“सनीया... मुराद?”

सनीयाने तिच्या हातातला कप घेतला, ओठाला लावला आणि पांढरीफटक पडली.

“उम्म बदावी! साखर संपली का गं घरात?”

म्हातारी ओढणीने तोंड झाकून दारात उभी राहिली. “हाताने चूक झाली, बाईसाहेब.”

“जा, गोड करून आण. माझा मुलगा सापडत नाहीये. गेलेला नाही. वाळवंटातून पोरं अजून पायी येतायत.”

इन्साफच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “मी हे छापते. मग बघू कोण तुला बोलतंय!”

“खबरदार!” सनीयाने तिचं मनगट धरलं. “तू छापलंस की उद्या दारात काळे कपडे घालून बायका हजर होतील. एकीने जरी म्हटलं ना, ‘अल्ला तुला धीर देवो’, तर मी संपले, इन्साफ. फिक्रीला काय हवंय?”

“तुला शिव्या.”

“मग दे की! चांगल्या सणसणीत दे. लोक माझ्या नावाने थुंकू देत. थुंकणारे घरी रडायला येत नाहीत.”

इन्साफने लिहिलं. आयुष्यात इतकं धारदार तिने लिहिलं नव्हतं. उस्ताज फिक्रींनी एक शब्द बदलला नाही. वाण्याने तिला दुकानात खुर्ची दिली, न्हाव्याने रस्ता ओलांडून सलाम केला, अशी देशभक्त बाई पाहिली नाही म्हणाला. घरी येऊन इन्साफ उशीत तोंड खुपसून रडली. माझ्या मते त्या वर्षी कैरोत छापलेल्या सगळ्या मतांमध्ये तेवढंच एक प्रेमाने लिहिलेलं होतं.

तेव्हापासून दर गुरुवारी ती चोरासारखी मागच्या जिन्याने सनीयाकडे जाते. उम्म बदावी कॉफीत इतकी साखर घालते की चमचा फिरत नाही. दोघी ती शेवटच्या थेंबापर्यंत पितात.

“या आठवड्यात मी काय केलं?” सनीया विचारते.

“अलेक्झांड्रियात टेबलावर चढून नाचलीस.”

“शाबास. सगळे अंक जपून ठेवलेत मी,” सनीया म्हणते. “मुराद आला की वाचून पोट धरून हसेल.”

“हसेल नाही तर काय!” इन्साफ म्हणते, आणि आणखी एक कप मागते.