सव्वा मूठ

सुरतेच्या लिंबायतमध्ये प्रमिलाबाईच्या वाटेला जायला कुणी धजत नसे. बाई भांडखोर नव्हती, भांडायला तिला वेळ कुठे होता! नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हापासून ती कापड मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी आणून धागे कापायची आणि कापता कापता गायची. लोक घाबरत ते त्या गाण्याला. तिनं कुणाचं नाव गाण्यात गुंफलं की ते नाव महिना-दोन महिने गल्लीत फिरायचं. कोपऱ्यावरच्या रेशनवाल्याचं माप तिनं एकदा असं गायलं होतं की बिचाऱ्यानं दुकानाची वेळ बदलली. बिचारा कसला म्हणा, मापात मारत होताच मेला.

ती मूळची अमळनेरकडची. खानदेशातली घरंच्या घरं मागावर काम करायला सुरतेत आली, तशी हीही आली. कुणाची हळद असो, बारसं असो, की श्रावणात घरोघर बसणारी कानबाई देवी, प्रमिलाबाईला बोलावल्याशिवाय भागत नसे. ती ओळ सांगणार आणि तिची जाऊ सुमन झील धरणार, म्हणजे मागून ओळ उचलून म्हणणार, हे ठरलेलं. सुमन म्हणजे धाकट्या दिराची, मगनची बायको. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा भिंतीपलीकडच्या मागांच्या खडखडाटानं पोरीला झोप लागेना. प्रमिलाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन, गाऊन तिला झोपवलं होतं. जावाजावांचं इतकं सख्य बघून बायका बोटं मोडत. सुमनला आवाज नाही असं सगळे म्हणत, ती स्वतःही म्हणायची. फाटका, घोगरा गळा तिचा. पण झील धरावी तर तिनंच, कधी मागे नाही की पुढे नाही.

या सगळ्याची माती झाली ती मुठीवरून. ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. कानबाई बसायच्या आधी रोटाचं धान्य काढतात. घरातला कर्ता पुरुष पाटावर बसतो, भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि प्रत्येक नावाला सव्वा मूठ गहू आणि डाळ सुपात पडते. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा पडते. ते दळायचं, त्याचा रोट करायचा आणि तो फक्त भाऊबंदांनीच खायचा. परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही. ज्याची मूठ सुपात, तो आपला. ज्याची नाही, त्याचं काय ते समजून घ्या.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्यानंतर तीन-चार वर्षांनी प्रमिलाबाईच्या दीपकनं लग्न केलं. तो इच्छापोरला कारखान्यात कामाला होता. तिथलीच एक ओडिया मुलगी बघितली, कोर्टात सही केली आणि तिकडेच खोली घेतली. प्रमिलाबाईनं आधी कपाळावर हात मारला, मग सूनमुख बघायला गेली आणि पोरीच्या हातचा भात खाऊन आली. संपला विषय! पण मगनच्या लेखी संपला नव्हता. थोरला भाऊ गेल्यापासून पाटावर बसायचा मान त्याचा होता आणि तो मान त्याच्या डोक्यात गेला होता.

त्या श्रावणात मगन पाटावर बसला. नावं घेत गेला. आपलं, आपल्या पोराचं, चुलत भावांचं, गावाकडच्या पुतण्यांचं, अगदी चुलत भावाच्या मांडीवरच्या तान्ह्या कुंदनचंसुद्धा. आणि सूप उचलायला सांगितलं. प्रमिलाबाई सुपाशेजारीच बसली होती. तिला वाटलं, विसरला असेल. तिनं हळूच आठवण करून दिली. मगननं हात झटकले आणि भरल्या घरात म्हणाला, "वयनी, तो आते आपला राह्यना नही."

अंगाची लाही लाही झाली तिच्या. एकुलता एक पोरगा, बापाविना वाढवलेला, आणि त्याला दोन शब्दांत घराबाहेर काढला! तिनं सुमनकडे पाहिलं. सुमननं मान खाली घातली, सूप उचललं आणि गिरणीवर दळायला घेऊन गेली. दिराचं तिला तितकं लागलं नाही हो, जितकं त्या खाली घातलेल्या मानेचं लागलं. प्रमिलाबाई उठली, चपला घातल्या आणि निघाली. त्या वर्षी मगनच्या कानबाईपुढे गाणं झालं नाही. बायका जमल्या, एकमेकींची तोंडं बघून प्रसाद घेऊन गेल्या.

एवढ्यावर थांबली असती तर ती प्रमिलाबाई कसली! घरी येऊन तिनं कात्री हातात घेतली आणि धागे कापता कापता गाणं बांधलं.

"मगन दादानी मूठ व माय, मूठ उघडस नही,
गहू लिधा, डाळ लिधी, पुतन्यानं नाव लिधं नही."

चाल अशी बेतली की एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जाऊ नये आणि कुठलंही नाव त्यात आपसूक बसावं. साड्यांचे गठ्ठे न्यायला आलेल्या बायकांनी ते उचललं. डिंडोलीतल्या एका हळदीत ते रंगलं. पुढं बँजो पार्टीवाल्यांनी नुसती चाल उचलून वरातीत वाजवली. मगन मागाच्या कारखान्यात मास्तर होता. मागांच्या आवाजात तिथं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, कारागीर हातवारे करून बोलतात. पाणी हवं, दोरा तुटला, मालक आला, सगळ्याला खुणा. आता मगन समोरून निघाला की कारागीर एकमेकांना नुसती मिटलेली मूठ दाखवत. त्याला ऐकू काही येत नसे, दिसायचं मात्र सगळं. दोन दिवस त्यानं शिव्या घातल्या, त्याही कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

हे सगळं प्रमिलाबाईच्या कानावर यायचं आणि तिचं काळीज गार व्हायचं. खोटं कशाला बोला, तिला दोन घास जास्त जायचे.

मधे दीपक भेटायला आला होता. जेवता जेवता म्हणाला, "या वर्षीचा रोट गोड लागला, आई." तिला वाटलं, पोरगा मूठ नाकारल्याचं टोचून बोलतोय, आईनं काही केलं नाही म्हणून टोमणा मारतोय. ती ताटावरून उठली. रोटाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही, असं तिनं त्याला बजावलं. आईचा स्वभाव त्याला जन्मापासून ठाऊक. तो जेवला आणि गेला.

एका दुपारी सुमन दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हणायची वाट बघत होती. शेवटी तिथूनच म्हणाली, "अक्का, माले काही सांगनं शे."

प्रमिलाबाईनं वर पाहिलं नाही. साडी पुढे ओढली, धागा कापला आणि तेच गाणं गुणगुणायला लागली. सुमन दोन कडवी होईपर्यंत उभी होती. मग पदर तोंडाला लावून निघून गेली.

माघात सुमनच्या लेकीला, धनाला म्हणजे धनश्रीला, बघायला नंदुरबारची मंडळी आली. मुलगा शिकलेला होता, मुलगी पसंत पडली, पोह्याच्या बशा फिरल्या. तेवढ्यात गल्लीतली पोरं गात गेली. मुलाच्या मामानं कान टवकारले, हे मगनदादा म्हणजे कोण, म्हणून विचारलं. सुमननं घाईघाईनं चहा पुढे केला, पण बाहेर पडल्यावर पानाच्या टपरीवर त्यांना सगळं कळलं. ज्या घरात सख्ख्या पुतण्याची मूठ नाही तिथं सोयरीक नको, असा निरोप आठवड्यानं आला. भागीरथी शेजारीण धापा टाकत ही बातमी सांगायला आली. प्रमिलाबाईनं धनश्रीला अंगाखांद्यावर खेळवलेलं, तिनं हातातली कात्री खाली ठेवली. पण लगेच ती मनाशी म्हणाली, भोग म्हणावं. माझ्या पोराला बाहेर काढताना मान खाली घातलीस ना, आता भोग.

बघता बघता पुन्हा श्रावण आला. प्रमिलाबाईनं तेव्हा भागीरथीच्या कानबाईपुढे गाणी म्हटली. सोमवारी सकाळी विसर्जनाला गल्लीगल्लीतल्या कानबाया निघाल्या. रेल्वेखालच्या बोगद्याच्या, गरनाळ्याच्या, पलीकडे टेम्पो उभे होते, तिथवर चालत आणि पुढे टेम्पोनं तापीवर. प्रमिलाबाई बायकांच्या पुढे गात चालली होती. मगनच्या दारापाशी आल्यावर तिनं मुद्दाम पाय रोवले. वर्षभर हे गाणं सगळीकडे फिरलं होतं, फक्त त्याच्या उंबऱ्यावर झालं नव्हतं. आज तेही करायचं, असं ती आदल्या दिवसापासून ठरवून होती. तिनं गळा मोकळा करून ओळ सोडली, बायकांनी झील धरली.

दारातून सुमन बाहेर आली. डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेली, हिरव्या खणातली कानबाई. मागे मगन होता, तो बायकांचा घोळका बघून आत सरला. सुमन उंबऱ्याबाहेर थांबली. दोन्ही हात पाटाला. कडवं संपलं, प्रमिलाबाईनं पुढच्यासाठी श्वास घेतला, आणि त्या फटीत तो फाटका, घोगरा आवाज घुसला.

"मगननी मूठ मिटेल व्हती, सुमननी मूठ देखी का?"

बायकांच्या अंगावर काटा आला. लग्न झाल्यापासून या बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. पण गाणं म्हटल्यावर झील आपोआप निघते. मूठ उघडस नही, बायका म्हणाल्या.

"दीपकनी मूठ गिरणीवर, मन्हा पदरमा देखी का?"

मूठ उघडस नही.

"धनाना हाते रोट धाडा, तुन्हा पोऱ्यानी खादा का?"

प्रमिलाबाईला ताटावरचा दीपक आठवला. रोट गोड लागला, म्हणाला होता. टोमणा कुठला, पोरानं खरंच खाल्ला होता. आईनंच धाडला असं समजून खाल्ला होता. मान खाली घालून सूप घेऊन गेलेली सुमन पदरात धान्य बांधून गेली होती, नवऱ्याच्या नकळत दीपकची सव्वा मूठ तिनं दळणात घातली होती. आणि तेवढंच सांगायला त्या दुपारी दारात उभी होती.

प्रमिलाबाई एक पाऊल पुढे झाली, हात वर केला. थांब म्हणायचं होतं की पाया पडायचं होतं, तिलाच माहीत. सुमननं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोक्यावर देवी घेतलेल्या बाईला कुणी अडवत नाही.

"मन्ही धनानं लगीन मोडं, पोट तुन्हं भरनं का?"

या वेळी झील जरा दबकत आली. भागीरथीनं तर तोंड फिरवलं. सुमन चालायला लागली, बायका दोन्हीकडे सरल्या आणि तिच्या मागे लागल्या. चार पावलं गेल्यावर तिनं मान न वळवता नवी ओळ काढली. नवी कसली, जुनीच. फक्त नाव बदललं.

"प्रमिलाबाईनी मूठ व माय, मूठ उघडस नही."

नाव चालीत चपखल बसलं. बसणारच, चाल बेतणारीनं तशीच बेतली होती. आधी दोघी-तिघी म्हणाल्या, मग सगळ्या. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत पुढं धावली. आता हे गाणं डिंडोलीला जाणार, हळदीत जाणार, बँजोवर जाणार, हे प्रमिलाबाईइतकं कुणाला ठाऊक असणार?

कानबाईची मिरवणूक अर्ध्यावर सोडून घरी जाता येत नाही आणि मिरवणुकीत मुकं चालताही येत नाही, बायका बघतात. सुमन पुढे ओळ सांगत होती. गरनाळा यायला अजून बराच वेळ होता. प्रमिलाबाईनं झील धरली.