विमानाचे तीस श्लोक

पानवाल्याकडे ओल्या काताचा वास आला की मी अजून पान न घेताच पुढे जातो. लढाईच्या वर्षांत, पुणतांब्याला, काकांची पोथी जुनी दिसावी म्हणून मी कोरे कागद काताच्या पाण्यात बुडवून चुलीच्या धुरावर वाळवले होते. पाऱ्याच्या जोरावर विमान कसं उडतं, याचे तीस श्लोक त्यांवर लिहिले. ते काकांच्या सांगण्यावरून मीच रचले होते. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो.

काकांनी ती पोथी देवळात वाचली. शाळेतले मास्तर नम्रपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, पारा तापला की विषारी वाफ निघते. विमानाआधी चालवणाराच वर जाईल."

लोक खदखदून हसले. काका लाल झाले. "ऋषींना हसता? पोथीपुढे नाक घासा, नाहीतर उद्यापासून शाळेत एक पोर येणार नाही!"

"घासा की मास्तर," मागून एक शेतकरी म्हणाला, "लई ताणू नका. पोरांचं नुस्कान व्हईल."

मास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही खोटं बोलणार नाही. पोथी खरंच जुनी आहे?"

"फार जुनी," मी म्हणालो.

ते वाकले. थुंकीचे डाग पडलेल्या त्या फरशीवर त्यांनी नाक घासलं. मला तेव्हा हसू आवरत नव्हतं. आज स्वतःची किळस येते.

धोतर झटकत ते माझ्याजवळ आले. "माझं चुकलं असेल, तर मुलांनाही सांगायला हवं. एक प्रत उतरवून द्याल?"

मी दिली. अक्षर अगदी सुरेख काढलं.