मानपत्रातलं सहावं वाक्य

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, बसवनगुडीतल्या एका सभागृहात मी माझ्या आतेबहिणीचं मानपत्र वाचलं. आमच्या समाजाच्या मंडळाने मंजूर केलेल्या मसुद्यात नऊ वाक्यं होती. सहावं वाक्य मी बदलून वाचलं. बदल आधी कुणालाही दाखवला नव्हता.

मंजूर झालेलं वाक्य असं होतं: "खिडकीपाशी बसून साड्यांना फॉल लावणाऱ्या आईचे कष्ट पाहत आणि त्या साड्या घरोघरी पोचवत आपण लहानाच्या मोठ्या झालात."

मी वाचलेलं असं: "खिडकीपाशी बसून साड्यांना फॉल लावण्याचं काम आपल्या चामराजपेटेतल्या मामींनी आठ वर्षं केलं, त्या साड्या मामींची मुलगी पोचवत असे, आणि हे सारं आपण जवळून पाहिलंत, त्या मामी आज इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत."

मामींची मुलगी म्हणजे मी.

आतेबहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे वडील बांधकामाची कंत्राटं घेत. बसवनगुडीत त्यांचं दुमजली घर होतं, दारात गाडी होती. आत्या आमच्याकडे यायची ती गाडीतून, मांडीवर साड्यांचं गाठोडं घेऊन. माझ्या वडिलांची नोकरी सुटली होती आणि आईने फॉल लावायला घेतले होते, हे आमच्या लोकांपैकी फक्त तिला माहीत होतं. आत्या आईशी बोलत असे तोवर बहीण आमच्या खाटेवर बसून पेरू खायची आणि बिया भिंतीकडे थुंकायची. त्या मी झाडायचे.

आज ती तयार नेसायच्या साड्यांची कंपनी चालवते. सहा शहरांत दुकानं आहेत. पाच वर्षांपूर्वी एका मुलाखतीत तिने खिडकी, फॉल आणि घरोघरी जाणाऱ्या मुलीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती मुलगी ती स्वतः होती. आत्या तोवर वारली होती. फॉल कसा लावतात हे आत्याला ठाऊक असल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.

त्या दिवशी मी एक फाईल उघडली. मी एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षं काम केलं, फाईल कशी ठेवायची ते मला येतं. डाव्या रकान्यात तिची प्रत्येक मुलाखत, प्रत्येक पुरस्कार, नव्या घराचा मजला, मुलांची शाळा. उजव्या रकान्यात त्याच महिन्यात माझ्याकडे काय होतं ते. तिचं इंदिरानगरातलं दुकान उघडलं त्या ओळीत माझ्यासमोर लिहिलं आहे: पगारवाढ नाही. ती स्वित्झर्लंडला गेली त्या ओळीत: दाढेचं ऑपरेशन. उजवा रकाना भरताना मी कधी काही लपवलं नाही. पैसा तिच्याकडे पहिल्यापासून होता, तो मी सहन केला असता. तिने आमची गरिबीही नेली होती.

ऑक्टोबरात आमच्या समाजाच्या मंडळाचे चिटणीस घरी आले. आमची मराठी घरं या कन्नड मुलखात साडेतीनशे वर्षांची, पण चांगलं मराठी लिहिणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत.

"अक्का, मानपत्र तूच लिही. तुझ्या बहिणीचंच आहे, अजून काय पाहिजे? स्वल्प भारी शब्द घाल."

"किती भारी?"

"तिच्या साड्यांइतके," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "सभागृहाचं भाडं तीच देतेय."

मी तिच्या कार्यालयाने पाठवलेल्या माहितीवरून नऊ वाक्यं लिहिली, मंजूर करून घेतली आणि मग सहाव्या वाक्याची तयारी केली. बातमीतला तपशील दोन ठिकाणांहून पक्का करायचा ही डेस्कची पद्धत. पहिली साक्षीदार मी. दुसरी म्हणून चामराजपेटेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अज्जींकडे गेले. त्यांनी वर्षं सांगितली, खिडकी सांगितली, आईच्या बोटाला झालेलं घट्टं सांगितलं. सगळं जुळलं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला छापण्याआधी विचारायचं, ही दुसरी पद्धत. ती मी जाणूनबुजून टाळली. आतेबहिणीला सावध करायचं नव्हतं. तिच्याखेरीज त्या वाक्यात आणखी कुणी आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

वाक्य मी आठवडाभर घोकलं. "मामींनी" या शब्दानंतर एक क्षण थांबायचं ठरवलं. त्या क्षणात मला तिचा चेहरा पाहायचा होता.

कार्यक्रमाआधी व्यासपीठामागे ती भेटली. माझे दोन्ही हात धरले.

"अक्का! किती बारीक झालीस गं. अजून त्याच पेपरात ना तू?"

"पेपरची इथली आवृत्ती बंद झाली."

"अय्यो! कधी?"

"दोन वर्षं झाली."

"सांगायचंस ना मला," ती म्हणाली आणि कुणीतरी तिची निरी नीट करायला आलं.

तिच्या मुलांच्या वर्गशिक्षिकांची नावं मला माहीत होती. माझा पेपर बंद झाल्याचं तिला माहीत नव्हतं. तेव्हा मी त्यातून एकच निष्कर्ष काढला: वाक्य आणखी सावकाश वाचायचं.

तसंच वाचलं. "मामींनी" म्हणून थांबले आणि तिच्याकडे पाहिलं. ती पापणी न हलवता माझ्याकडे पाहत होती. मी वाक्य पूर्ण केलं. मग ती उठली, व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरली, तिसऱ्या रांगेत गेली आणि आईच्या पाया पडली. छायाचित्रकार मागोमाग धावले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शेजारी उभे असलेले चिटणीस डोळे पुसत म्हणाले, "काय लिहिलंस गं, अक्का."

उरलेली तीन वाक्यं टाळ्या थांबल्यावर वाचली. भाषणात ती म्हणाली की आपल्याला दोन आया होत्या. दुसऱ्या दिवशी तिच्या कंपनीच्या पानावर तेच छायाचित्र होतं. ती वाकलेली, आईचा हात तिच्या डोक्यावर. आईची मान खाली आहे. पाहणाऱ्याला ती संकोचलेली वाटेल.

परतताना आई आणि मी रिक्षात होतो. घराच्या वळणावर तिने चालकाला कन्नडमध्ये थांबायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "साड्या पोचवायला मी तुला कशातून द्यायची?"

"दप्तरातून."

"का?"

"शाळेच्या वाटेवरच घरं होती म्हणून."

"पिशव्या होत्या घरात. सात-आठ होत्या. दप्तरात पुस्तकांखाली का घालायची मी? कधी विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

"तुझ्या वडिलांची नोकरी गेलेली आपल्या लोकांत कुणाला कळू दिली नाही मी. कार्याला गेले तर बोटं पदराखाली ठेवायची. एका माणसाला कळलं, तुझ्या आत्याला, तर ती आठ वर्षं काम द्यायला गाडीतून यायची. ते पुरे नव्हतं? आज माइक लावून सांगितलंस. आणि मला सगळ्यांसमोर उभं केलंस."

"ती तुझी गोष्ट स्वतःची म्हणून विकत होती, आई."

"विकू दे की. तिच्या नावावर होती तोवर माझ्या अंगावर नव्हती."

ती रिक्षातून उतरली आणि माझ्याआधी जिना चढली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, औषधाच्या गोळ्या माझ्या हातून घ्यायची, बोलायची नाही. मंडळातल्या बायकांचे फोन आले. तिघींनी कौतुक केलं. चौथीने विचारलं की अजून फॉल लावून देता का, सुनेच्या पाच साड्या आहेत. आईने "सरी, बरं, बघते" म्हणून फोन ठेवला. पुढच्या महिला-मेळाव्याला ती गेली नाही.

त्याच आठवड्यात मी फाईलमध्ये नवी ओळ करायला बसले. डाव्या रकान्यात सत्कार लिहिला. उजव्या रकान्यात काय लिहायचं ते ठरेना. पाच वर्षांचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचून काढला. डावा रकाना माझ्याशिवाय पूर्ण होता. त्यातली एकही गोष्ट माझ्यामुळे घडली नव्हती, माझ्यामुळे थांबलीही नव्हती. तिच्या घरी माझ्या नावाचा रकाना नव्हता, हे व्यासपीठामागे मी तिच्या तोंडून ऐकलं होतं आणि तरी वाचत गेले होते. उजव्या रकान्यात आईचा उल्लेख कुठेच नव्हता. पाच वर्षं ती त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होती. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्याच वर्षांत झालं, दोन्ही डोळ्यांचं. त्या दोन महिन्यांसमोर मी लिहिलं होतं: रजा कापली.

फाईल मी पुसून टाकली. तिच्या नावाच्या बातम्यांची फोनवर येणारी सूचना बंद केली. राग गेला होता असं नाही. तो आजही आहे, पण त्याचं मोजमाप मी ठेवत नाही.

संक्रांतीला आई दरवर्षी ओळखीच्या घरी एळ्ळु-बेल्ला घेऊन जाते. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि उसाचा तुकडा. या वर्षी ती गेली नाही. दुपारी चारच्या सुमारास आतेबहीण आली. सोबत कुणी नव्हतं, फोन पर्समध्येच राहिला. तिने स्टीलचा डबा आईच्या हातात दिला, "मामी, आत येऊ?" म्हणाली आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटलं. मी बाहेरच्या खोलीत होते. वीस मिनिटांनी ती निघाली. आत काय बोलणं झालं ते मी दोघींनाही विचारलेलं नाही.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "सार अजून घालू?"

मी हो म्हणाले. तिने घातलं.