हौदावरचं तेल

पनवेलबाहेर मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. तिथे मी स्वयंपाक करायचे आणि एक गडी गरम पाण्याचा हौद सांभाळायचा. हौद परदेशी, आत पाण्याला बुडबुडे यायचे. या गड्याच्या तोंडात सदा तंबाखू, म्हणून काही विचारलं की आधी मान वर करायचा आणि मग बोलायचा. शर्टाचं वरचं बटण त्याने जन्मात लावलं नसेल.

शेठचे पाहुणे अंगाला तेल चोपडून हौदात बसत. मग पाण्यावर तवंग यायचा आणि कडेला चिकट काळा थर धरायचा. तो फडक्याने तेल टिपायचा, कडा घासायचा आणि पाहुण्यांच्या सात पिढ्या उद्धरायचा. शेवटी शेठ त्यालाच म्हणाले, "पुन्हा पाण्यावर तेल दिसलं तर तुझी नोकरी गेली."

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला शेठच्या आईने सगळ्या घराला तेल-उटणं लावलं आणि वरात हौदाकडे वळवली. त्या बाईला अडवणार कोण? याने हौदाचं बूच ओढलं आणि सगळं पाणी गटारात सोडून दिलं.

शेठ पंचा सावरत म्हणाले, "अरे, हे काय केलंस?"

याने मान वर केली. "शेट, तेल दिसला तं नोकरी गेली, तुमीच बोललाव. आता पानीच नाय, तं तेल दिसंल कुठं?"

आई खो-खो हसल्या आणि म्हणाल्या, "जा, बंब पेटव."

शेठ तेलकट अंगाने बादलीची वाट बघत बसले. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. फराळाला मी त्याला एक चकली जास्त वाढली. दोन वाढल्या असत्या, पण तो खाताना फार मचमच करायचा.