बंदरावरची हाक

सासूबाईंनी आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये कायमचं राहायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. सासरे गेल्यापासून त्या देवगडला बंदरावर मासळी विकत एकट्या राहत होत्या, आणि नवरा एकुलता एक. फोनकार्डाचे आकडे दाबून दर रविवारी ‘जेवलात का’ विचारण्यात मला राम वाटत नव्हता. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. फार्मसीतही माझी तीच ख्याती आहे. पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाई मात्र नुसतं ‘बघूया’ म्हणायच्या आणि ऑकलंडमधल्या आमच्या माउंट रॉस्किलच्या घरात खिडकीशी बसून राहायच्या. मासे तळले की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून त्यांनी ओट्याशी उभं राहणंच सोडलं होतं.

त्यांना मासळीचा वास असलेला समुद्र हवाय, हे माझं निदान. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत त्यांना देशाच्या पार दक्षिण टोकाला, स्ट्यूअर्ट बेटावर नेलं. तिथल्या एकमेव गावाचं नाव ओबान, थेट स्कॉटलंडहून आणलेलं. एक दुकान, एक पब, एक धक्का. बोटीत नवरा आणि मी ओकून अर्धमेले झालो. सासूबाई पदर खोचून ताठ बसल्या होत्या.

धक्क्यावर पांढऱ्या दाढीचा एक कोळी ब्लू कॉड मासे साफ करत होता. मांस ट्रेमध्ये, डोकी समुद्रपक्ष्यांना. सासूबाई तरातरा पुढे गेल्या.

“रे, टाकतंस कित्याक?”

मी इंग्रजीत सांगेपर्यंत त्यांनी डोक्यांवर हात ठेवलाही होता. तो हसला, ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘चालतंय की’, म्हणाला आणि पिशवी भरून दिली. भाड्याच्या घराच्या खिडक्या सताड उघडून त्यांनी कालवण केलं. मसाला मला न विचारता माझ्याच बॅगेत घातलेला होता. डबाभर कालवण धक्क्यावर गेलं. कोळ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी डबा चाटूनपुसून परत आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडी उतरत होतो, तोच खालून आरोळी आली, “आई!” आम्ही त्यांना काय म्हणतो ते त्याने टिपलं होतं. बोटीत उभा राहून तो पिशवी हलवत होता. “इलंय रे, इलंय,” म्हणत सासूबाई उताराला लागल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी इथे कधी ऐकला नव्हता.

झालं, जिंकले, असं मला वाटलं. संध्याकाळी म्हटलं, बघा, रमलात की नाही? आता कायमचं राहायचं पक्कं करू. सासूबाई माशांच्या डोक्यांतले कल्ले काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गो, हय माका सगळी जपतत. थय देवगडाक माका कोणतरी हाक मारता.”

मला रडू आलं आणि रागही आला, राग जास्त. कारण त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं; देवगडच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला त्यांच्या नावाने होणारा पुकारा मी स्वतः ऐकला होता. ऑकलंडला परतल्यावर त्यांचं परतीचं तिकीट मीच काढलं, खिडकीजवळचं.

विमानतळावर त्या आत जायला निघाल्या आणि मला राहवलं नाही. मी बंदरावरच्यासारखी बोंब ठोकली, “आई!” लोक वळून बघायला लागले. त्यासुद्धा गर्रकन वळल्या आणि सवयीने म्हणाल्या, “इलंय गो.”

मग हसल्या, आणि आत गेल्या.